बाळ, खुर्चीवरून ऊठ

ठाणे, रविवार

चि. बाळ यास,

तुझे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाले. खाली तू लिहिलं आहेस, 'वजन ६७. पन्नाशीत होतं तेवढंच! साखर जरा बॉर्डरला, म्हणून आजपासून रात्रीचं जेवण बंद आणि रोज दहा हजार पावलं.' शेवटी तीन अंगठे. हे फोनवर बोलायला गेले असते तर 'हो हो ताई' म्हणत तू फोन शुभाच्या हातात दिला असतास, म्हणून कागद घेऊन बसले. शांतपणे वाच आणि शुभालाही वाचून दाखव. पत्रातलं बरंचसं तिलाही लागू आहे.

पहिलं म्हणजे रात्रीचं जेवण आजच्या आज सुरू कर.

वजन तेवढंच आहे, मान्य. पण पन्नाशीत तू बत्तीसची पँट घालायचास आणि आता लॅबवाल्याने टेप लावली तर साडेअडतीस इंच भरले. दिवाळीत तू बर्मुडा घालून तुळशीला पाणी घालत होतास, तेव्हा मी तुझ्या मांड्या नीट बघितल्या. कबड्डीत ज्या मांडीवर शड्डू ठोकायचास, तिथे आता कातडी सैल पडली आहे आणि गुडघ्याची वाटी वेगळी उठून दिसते. पोटावर चरबी चढली, पायांतून स्नायू उतरले आणि दोन्हींची बेरीज पुन्हा ६७ आली. तू बँकेत जन्म काढलास. बेरीज जुळली म्हणजे खाती बरोबर असं तू कधी मानलं होतंस का?

आपल्या लोकांत हे फार आहे आणि ते आपल्याच माणसाने दाखवून दिलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघेही दिसायला सडपातळ, दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, स्नायू तुटपुंजे, चरबी मात्र त्या मानाने राखून आणलेली. म्हणजे आपली स्नायूंची गंगाजळी मुळातच लहान. तेव्हा तुझा बीएमआय २४ आला यावर मी खूश होणार नाही. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८०च्या. तुझे साडेअडतीस इंच म्हणजे ९८ सेंटिमीटर होतात.

पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण एक टक्का झिजतात आणि ताकद त्याच्या दुपटी-तिपटीने जाते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी जातात, म्हणजे ठेच लागल्यावर आपल्याला सावरणारे. जे उरतात त्यांच्या धाग्याधाग्यांत चरबी शिरते. एमआरआयच्या फिल्मवर तरुण माणसाची मांडी एकसंध काळपट दिसते, आपल्या वयाच्या माणसाच्या मांडीत पांढऱ्या रेघा पसरलेल्या असतात. आणि साखरेचं म्हणशील तर जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं? स्नायूच. तो कमी झाला, त्यात चरबी शिरली, की साखर रक्तात रेंगाळते. वर पोटातली चरबी अशी द्रव्यं सोडत राहते की स्नायू घडायचं काम आणखी मंदावतं. स्नायू गेले म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून चरबी जास्त, चरबी जास्त म्हणून स्नायू आणखी कमी. या झिजेला १९८९ साली अमेरिकेतल्या अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. लठ्ठपणासोबत ती आली तर काय म्हणायचं आणि कशी मोजायची, यावर युरोपातल्या तज्ज्ञांच्या दोन संस्थांचं एकमत व्हायला २०२२ साल उजाडलं. त्यामुळे तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी कधी हा शब्द काढला नसेल तर त्यांच्यावर रागावू नकोस.

तुझं नेमकं कधी बिघडलं तेही सांगते. तुला चिकनगुनिया झाला तेव्हा. तीन आठवडे अंथरुणावर होतास, पेज आणि मोसंबीच्या रसावर. गाल बसले म्हणून शुभाने नंतर डिंकाचे लाडू, शिरा, बटाटेवडे असं करून तुला 'भरून' आणलं. वजन आलं, पण या वयात गेलेलं वजन परततं तेव्हा त्यात चरबीचा वाटा मोठा असतो, स्नायूंचा कमी. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, म्हणजे तुझ्याच वयाच्या, धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं बिछान्यात ठेवलं. ताप नाही, आजार नाही, जेवण व्यवस्थित. तरी दहा दिवसांत पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. पुढे तुझं मोतीबिंदूचं, हर्नियाचं काही निघालं तर 'आराम करा' याचा अर्थ शुभाने नीट विचारून घ्यावा. उठून खोलीभर हिंडायला परवानगी असताना पडून राहणं हा आराम नाही.

आता तुझ्या उपाशी राहण्याकडे येते. डेनिस व्हिलारियल नावाचे डॉक्टर आहेत, त्यांनी २०११ साली ६५च्या पुढच्या १०७ लठ्ठ माणसांवर वर्षभर केलेलं काम प्रसिद्ध झालं. काहींना फक्त डाएट, काहींना फक्त व्यायाम, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. डाएटवाल्यांचं आणि दोन्ही करणाऱ्यांचं वजन सारखंच उतरलं, नऊ-दहा टक्के. पण नुसत्या डाएटवाल्यांचा चरबीविरहित भाग पाच टक्क्यांनी घटला, दोन्हीवाल्यांचा तीन टक्क्यांनी. चालणं, उठणं, जिना चढणं या कामांत दोन्हीवाले २१ टक्क्यांनी सुधारले, नुसते उपाशी राहिलेले १२. कमरेच्या हाडाचंही डाएटवाल्यांचंच जास्त नुकसान झालं. आणि त्या डाएटवाल्यांना आहारतज्ज्ञ होते, प्रथिनं मोजून मिळत होती. तुझा डाएट म्हणजे रात्री दूध-बिस्किटं. तुझं वजन उतरेलही, पण ज्या पायांवर उभा आहेस त्यांतलंच जाईल.

दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. चाल, जरूर चाल. हृदयाला, साखरेला, डोक्याला चांगलं. अजिंक्यताऱ्यावर जातोस तर आणखी चांगलं, कारण तिथे चढ आहे. पण सपाट रस्त्यावर मित्राबरोबर गप्पा मारत चालून मांडी भरत नाही. मांडीला ओझं लागतं.

उद्या सकाळी एक कर. बिनहाताची खुर्ची घे, चाकाची नको, भिंतीला टेकव. दोन्ही हात छातीवर आडवे धर. शुभाच्या हातात घड्याळ. पाच वेळा पूर्ण ताठ उभा राहा आणि बस, जमेल तितक्या लवकर. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी झाली, असा आशियातल्या तज्ज्ञांचा २०१९चा निकष आहे. नोकरीत पेशंट तपासताना सेकंदांबरोबर मी आणखी काही बघायची. माणूस उठताना झोका घेतो का? बसताना शेवटची चार बोटं धपकन पडतो का? श्वास कोंडतो का? मीनूच्या लग्नात पंगतीच्या खुर्चीवरून तू कसा उठलास ते मी पाहिलं. आधी पुढे सरकलास, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेस, एक 'हूं' काढलास आणि मग उठलास. शेजारच्याने हात दिला तर त्याला 'गुडघ्यातलं वंगण संपलं' म्हणालास. हे वंगण मी नोकरीत रोज ऐकलं. एक्सरेत झीज दिसते हे खरं, पण तीच झीज असलेला एक माणूस जिना चढतो आणि दुसरा चढत नाही. फरक बहुतेक वेळा मांडीच्या पुढच्या स्नायूत असतो. तो भरला की गुडघाही कमी दुखतो.

म्हणून व्यायाम. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास पुरे. त्याच खुर्चीवरून उठबस, आठ ते दहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, असे तीन सेट. उठायला जेवढा वेळ घेशील त्याच्या दुप्पट वेळ खाली बसायला घे. उतरताना सावकाश रोखून धरण्यात स्नायूचं खरं काम होतं. मग ओट्याला हात लावून टाचा उचलणं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकेक पाय चढ-उतर, कठडा हाताशी ठेवून. भिंतीवर जोर, तालमीतले जमिनीवरचे नकोत. खुर्चीत बसून घोट्याला वेट कफ बांधून पाय सरळ करणं, पाच आकडे धरून सोडणं. आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन कोपरात वाकवणं.

यातली मेख अशी की शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. दहा सहज झाली की पुढच्या आठवड्यात ओझं वाढवायचं. छातीशी पाच किलोची कणकेची पिशवी धरून ऊठ, कफ अर्ध्या किलोवरून एक किलोवर ने. बरेच जण वर्षभर तेच हलकं हातवारे केल्यासारखं करतात आणि मग 'फरक नाही' म्हणतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते ठीक. सांध्यात टोचलं, सूज आली तर ओझं कमी कर, व्यायाम सोडू नकोस. श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. छातीत दडपलं, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरकडे. तुझी बीपीची गोळी चालू आहे, तर सुरुवात करण्याआधी त्यांना एकदा विचार.

'या वयात काय होणार ताई' असं म्हणशील म्हणून आधीच सांगते. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला, तोही हलका नाही, वजनं लावून. १९९०चा प्रयोग. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सोडून दिल्यावर ती भराभर घसरली, हेही त्यांनीच नोंदवलं. तू तर ६७चा आहेस, त्या माणसांना मुलासारखा.

आता ताट. तुझं क्रिएटिनिन व्यवस्थित आहे, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते. किडनीचा आजार असेल त्याने हे आकडे डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नयेत. आपल्या वयात किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिन लागतं, कारण म्हातारा स्नायू तेवढ्याच प्रथिनाला तरुण स्नायूइतका दाद देत नाही. तुला ६७ ते ८४ ग्रॅम. तुझ्या दिवसाचा मी हिशेब मांडला. पोहे, त्यातले शेंगदाणे धरून पाच-सहा. दुपारी तीन पोळ्या, नऊ-दहा. वरण तुला पातळ लागतं, त्यामुळे वाटीभरात चारच्या वर नाही. भात-भाजी पाच. चहातलं दूध चार. रात्रीच्या दूध-बिस्किटांआधी सगळे मिळून तीस होत नाहीत आणि त्यात रात्रीचं जेवण तू काढून टाकलंस!

सकाळी दोन अंडी, पिवळ्या बलकासकट, आणि कपभर दूध. वीसच्या आसपास तिथेच झाले. दुपारी पोळी एक कमी, मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर, घट्ट वरण, दही. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा पनीरचे तुकडे. रात्री लवकर पिठलं-भाकरी, सोबत ताकाऐवजी दही. पिठल्याला आपण गरिबाचं जेवण म्हणतो, पण चाळीस ग्रॅम बेसनात आठ-नऊ ग्रॅम प्रथिन असतं. रविवारच्या मटणात तू तर्री ओरपतोस आणि तुकडे नातवाला देतोस, ते यापुढे उलट करायचं. शेंगदाणे चांगले, पण त्यांत तेलही भरपूर, बचकाभर नकोत. डब्यातल्या पावडरी आणण्याआधी पाठीमागचं लेबल चष्मा लावून वाच, साखर किती आहे ते बघ. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची साठ हजारची पुडी डॉक्टरने सांगितली तेवढेच आठवडे घ्यायची. तुमच्या सोसायटीत ती वर्षानुवर्षं प्रसादासारखी वाटतात, त्याने अपाय होतो.

आता शुभा. तिचं दुखणं तुझ्यासारखंच, फक्त काट्यावर दिसतं. पाच फूट उंची, ७४ किलो. अंगाने भरलेली म्हणून घरातले तिला 'दणकट' समजतात, पण लोणच्याच्या बरणीचं झाकण हल्ली तिला उघडत नाही, तुला हाक मारते. हाताची पकड हा साऱ्या अंगाच्या ताकदीचा चांगला अंदाज असतो. बाईची पकड १८ किलोच्या खाली गेली तर धोका धरतात, पुरुषाची २८च्या. सूनबाईला सांगून फिजिओकडे तिची मोजून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पोटरीचा घेर मोजतात तो तिच्या बाबतीत फसवेल, कारण चरबीने पोटरी जाड दिसते.

शुभा, तुला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं ते बरोबर आहे. मात्र गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे उपास धरून तू जे करतेस त्याने काहीही साधत नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात प्रथिन एक ग्रॅमसुद्धा नसतं, उरतो नुसता स्टार्च आणि वर तूप. उपास मोडायला मी सांगत नाही. भगर आणि दाण्याची पातळ आमटी कर, राजगिऱ्याची भाकरी कर, दोन वाट्या दही घे. बाकीच्या दिवशी बेकरीचं, तळलेलं, चहातली साखर आणि भाताचा दुसरा वाढा एवढंच काढ. डाळ, दूध, अंडं काढू नकोस. महिन्याला एखादा किलो उतरला तरी भरपूर, आणि उठबस चालू असल्याशिवाय तोही नको. भिशीतल्या बायका वजनाच्या इंजेक्शनांबद्दल बोलतात असं म्हणालीस. ती औषधं खरी आहेत, वजन उतरतं, पण चरबीबरोबर स्नायूही उतरतो. साठीपुढच्या बाईने ती घ्यायचीच झाली तर तज्ज्ञ डॉक्टरच्या देखरेखीखाली, पुरेसं प्रथिन आणि ओझ्याचा व्यायाम बरोबर ठेवून. मैत्रिणीचं ऐकून नाही.

तुमच्या नव्या फ्लॅटबद्दल एक बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तिथे जमीन उरलेलीच नाही. जेवायला टेबल, पूजेला उंच कपाट, कमोड, भाजी चिरायला ओटा, आणि आता झाडायला यंत्र. आई ऐंशीची होईपर्यंत दिवसात किती वेळा खाली बसून उठायची! दळण निवडायला, जेवायला, पोथीला, परसाकडे. तो व्यायाम आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघेदुखीवाल्याला कमोड हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण दिवसातून एकदा पलंगाच्या कडेला धरून जमिनीवर बसायचं आणि तसंच उठायचं, एवढं ठेवा. आधी चार उशा टाकून उंच बसा, जमेल तशी एकेक उशी काढा. गुडघा बदललेल्यांनी आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय करू नये. पडल्यावर स्वतःहून उठता येणं फार मोलाचं आहे, आणि ते पडायच्या आधी शिकून ठेवायचं असतं.

माझं विचाराल तर पंच्याहत्तरीनंतर सरकारने एसटीत फुकट केलं आहे, मी त्याचा पुरेपूर फायदा घेते. फक्त एसटीची पहिली पायरी सरकारने खाली आणलेली नाही. माझ्या वयाच्या बायका तिथे दांडा धरून अडतात आणि मागून कंडक्टर 'आजी, चला' म्हणतो.

आता वजनाचा काटा पलंगाखाली सरकवा. दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी दोनच गोष्टी लिहून ठेवायच्या, खुर्चीचे सेकंद आणि कंबर. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपास, एचबीएवनसी. आकडे मला पाठव, अंगठे नकोत.

मुलांना आशीर्वाद. चि. शुभास अनेक आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. माझे जुने वेट कफ कुरिअरने पाठवते आहे, एक किलोचे दोन आणि अर्ध्या किलोचे दोन. अर्ध्या किलोच्या एकाची शिवण उसवली आहे, त्यातून वाळू गळते. शुभाला आधी टाके घालायला सांग.